दगडातील स्फुरद आणि आम्ल माती

डीएपीचा तुटवडा पडला की रॉक फॉस्फेटची आठवण होते. खनिज दगड दळून केलेली ही भुकटी गोणीमागे स्वस्त पडते. मात्र त्याच भुकटीने एका शेतात पीक तरारते, तर दुसऱ्या शेतात काहीच फरक दिसत नाही. याचे कारण गोणीत नसून मातीत आहे.

या दगडातील स्फुरद ॲपेटाइट खनिजात कॅल्शियमशी बांधलेले असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यासाठी आम्ल लागते. कारखान्यात गंधकाम्ल हे काम झटपट करते आणि सुपर फॉस्फेट तयार होते. आम्लधर्मी जमिनीत तेच काम माती सावकाश करते. त्यासाठी सामू ५.५ पेक्षा कमी, कॅल्शियम कमी आणि ओल पुरेशी हवी. देशात असा सामू असलेली जमीन सुमारे अडीच कोटी हेक्टर आहे. केरळातील जांभ्या जमिनी आणि ईशान्येकडील डोंगरउतार ही त्याची ठळक उदाहरणे. केरळच्या रबर मळ्यांत रॉक फॉस्फेट रुळले ते याचमुळे. शिवाय बहुवर्षायू झाडाला घाई नसते. हंगामी पिकाला ती असते, म्हणून त्याला सुरुवातीस काही स्फुरद विद्राव्य खतातून द्यावे लागते.

विदर्भ-मराठवाड्यातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत, जेथे सामू ८ च्या आसपास असतो, तेथे ही भुकटी थेट टाकणे म्हणजे दगड दगडातच ठेवणे होय. माती परीक्षणाचा अहवाल पाहिल्याविना तिची शिफारस करू नये.

गोणीच्या किमतीनेही फसगत होते. मानकानुसार रॉक फॉस्फेटमध्ये एकूण स्फुरद किमान १८ टक्के असते, म्हणजे ५० किलोच्या गोणीत ९ किलो, आणि तेही हळूहळू मिळणारे. डीएपीच्या तेवढ्याच गोणीत २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र असते. तुलना किलोमागे करावी.

आम्ल जमिनीत चुना आणि ही भुकटी एकाच वेळी टाकण्याची चूक वारंवार होते. चुन्याने आम्लता घटते, कॅल्शियम वाढते आणि दगड विरघळणे मंदावते. भुकटी आधी द्यावी, चुना बऱ्याच अवधीनंतर. भातखाचरातही असेच घडते. पाणी साचल्यावर आम्ल जमिनीचा सामू उदासीनतेकडे सरकतो. म्हणून भुकटी पाणी भरण्यापूर्वी दोन-तीन आठवडे ओलसर मातीत मिसळावी.

सामू अनुकूल नसेल, तर शेणखत व काडीकचऱ्याबरोबर खड्ड्यात कुजवणे हा मार्ग उरतो. कुजताना तयार होणारी सेंद्रिय आम्ले आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू काही स्फुरद मोकळे करतात. नारळाच्या पट्ट्यात मात्र या खड्ड्यावर लक्ष ठेवावे लागते, कारण गेंड्या भुंगा नेमका अशाच कुजत्या खतात अंडी घालतो. खत अधूनमधून उलथून पांढऱ्या अळ्या वेचाव्यात आणि त्यात मेटारायझियम ही हिरवी बुरशी मिसळावी.