जोगळटेंभी नाणेनिधी

जोगळटेंभी नाणेनिधी हा महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी (ता. सिन्नर) येथे इ.स. १९०६ मध्ये सापडलेला चांदीच्या नाण्यांचा पुरलेला साठा आहे. त्यात सुमारे १३,२५० नाणी होती. ती सर्व मुळात क्षहरात वंशातील पश्चिमी क्षत्रप नहपान याची असून, त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आहे.

नाण्यांचे स्वरूप

नहपानाच्या नाण्याच्या दर्शनी बाजूस राजाचा मुखवटा व ग्रीक अक्षरांतील लेख, तर मागील बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आढळतात. पुनर्मुद्रित नाण्यांवर एका बाजूस तीन कमानींचा पर्वत व गौतमीपुत्राचे नाव, तर दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह आहे. अनेक नाण्यांवर नव्या ठशाखालून जुन्या मुखवट्याचे वा अक्षरांचे अवशेष डोकावतात.

रोमन व्यापाराशी संबंध

'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथानुसार भडोच बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी येत आणि स्थानिक चलनाशी त्यांची अदलाबदल फायदेशीर ठरे. नहपानाच्या नाण्यांसाठी लागणारी चांदी काही अंशी याच व्यापारातून आली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखात एका सुवर्णाचा दर ३५ कार्षापण दिला आहे.

ऐतिहासिक महत्त्व

एच. आर. स्कॉट यांनी या निधीचा अभ्यास १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. पुनर्मुद्रित नाण्यांत नहपानाखेरीज अन्य कोणत्याही राजाचे नाणे नाही. त्यावरून नहपान व गौतमीपुत्र यांच्या दरम्यान या प्रदेशात दुसरा शासक झाला नसावा, असा निष्कर्ष निघतो. गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याच्या नाशिक लेण्यांतील उल्लेखाला त्यामुळे पुष्टी मिळते.

हा निष्कर्ष एखाद्या सुट्या नाण्यावरून काढता आला नसता. संग्राहकांनी उत्तम नाणी निवडून घेऊन उरलेली वितळवली असती, तर नाणी काही प्रमाणात टिकली असती. परंतु कोणती नाणी किती होती आणि कोणती मुळीच नव्हती, हा पुरावा नाहीसा झाला असता.

कायदेशीर तरतूद

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा पुरलेला ठेवा सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. निधी बेवारस ठरल्यास व अन्य करार नसल्यास शोधकास तीन चतुर्थांश आणि जमीनमालकास एक चतुर्थांश वाटा मिळतो. शासन मात्र धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम देऊन तो संपादित करू शकते.