21 कोटी बाजू, म्हणून काय झाले?

ग्राफच्या बिंदूंचे दोन गट करायचे आणि एका गटातून दुसऱ्यात जाणाऱ्या कडा जास्तीत जास्त तोडायच्या, हा मॅक्स-कटचा प्रश्न. तुटलेल्या कडेला 1, शाबूत कडेला 0 दिला की प्रत्येक विभागणी आकड्यांची एक यादी होते. या सगळ्या याद्यांना अवकाशातली टोके मानून त्यांच्याभोवती घट्ट बसवलेला सपाट बाजूंचा आकार म्हणजे कट पॉलिटोप. त्याची प्रत्येक बाजू म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमसाठी एक अट. इथवर कुणाची हरकत नसते. मग हमखास ऐकू येते, ‘त्याला बाजू कोट्यवधी! एवढ्या अटी कॉम्प्युटरला कोण देणार? हे सगळे कागदावरचे गणित.’

आकडे खरे आहेत. पाच बिंदू सर्व एकमेकांना जोडले तर 56 बाजू, सात असतील तर 1,16,764, आठ असतील तर 21,70,93,472. पण सगळ्या अटी द्यायला सांगितले कुणी?

पाच बिंदूच घ्या. कडा 10. दोन-तीन असे गट केले की 6 तुटतात, त्याहून जास्त नाहीत. आता लिनिअर प्रोग्रॅमला फक्त त्रिकोणांच्या अटी द्या: त्रिकोणाच्या तीन कडांपैकी फार तर दोन तुटतात. तो प्रत्येक कडेला 2/3 देऊन 6.67 असे उत्तर काढतो. ही अपूर्णांकांची लबाडी. तिला पकडणारी एकच अट घाला, दहाही कडांची बेरीज 6 च्या वर जाणार नाही, की उत्तर 6. त्रिकोणांव्यतिरिक्तच्या 16 बाजूंपैकी एकच वापरली. उरलेल्या 15 कुणी पाहिल्याही नाहीत.

मोडलेली अट शोधा, घाला, पुन्हा सोडवा. डँटझिग, फुल्कर्सन आणि जॉन्सन यांनी 1954 मध्ये अमेरिकेतल्या 49 शहरांची सर्वांत लहान फेरी याच वाटेने, हाताने आकडेमोड करून शोधली. कट पॉलिटोपबद्दल शंका असेल त्यांनी बारहोना आणि महजूब यांचा 1986 चा लेख पाहावा. ग्राफमधल्या चक्रांच्या अटी अफाट असतात, तरी मोडलेली अट लघुतम मार्ग काढून झटपट सापडते. कडा एकमेकींना न छेदता कागदावर काढता येणाऱ्या ग्राफला तर तेवढ्या अटी पुरतात. तरीही बाजू मोजत बसणाऱ्यांना काय म्हणावे!

बाकीचे गैरसमज किरकोळ. ‘एनपी-हार्ड म्हणजे सुटतच नाही’: तो शिक्का सर्वांत वाईट उदाहरणांबद्दल बोलतो, तुमच्या समोरच्या उदाहरणाबद्दल नाही. ‘अपूर्णांक आला तर जवळच्या पूर्णांकाला न्या’: वरचे सगळे 2/3 एक केले तर दहाही कडा तुटायला हव्यात, आणि तशी विभागणीच नाही. ‘मिनिमम कट सोपा, मग कमीत कमी कडा तोडून समान भाग करणेही सोपे’: गॅरी, जॉन्सन आणि स्टॉकमायर यांनी 1976 मध्येच ते एनपी-कम्प्लीट असल्याचे दाखवले.

एक मर्यादा मात्र खरी आहे. कडा विरळ असतील तर मोडलेल्या अटी घालत जाण्याची ही पद्धत मोठ्या ग्राफवरही चालते; दाट ग्राफवर शंभरेक बिंदूंतच दमते, आणि तिथे सेमीडेफिनिट पद्धती वापराव्यात.