‘आता उपाय नाही’ म्हटल्यावर सुरू होणारे काम

बारावी सायन्सनंतर नीटमध्ये गुण कमी पडले की आपल्या वस्त्यांमधली मुले नर्सिंग, फार्मसी, डीएमएलटी एवढ्याच वाटा बघतात. ऑप्टोमेट्रीचे नाव निघाले तर ‘चष्म्याच्या दुकानातली नोकरी’ म्हणून विषय संपतो. सोलापुरात सामाजिक काम करताना आम्हाला मात्र याच पदवीतली एक शाखा फार गरजेची वाटते, ती म्हणजे अल्पदृष्टी पुनर्वसन, म्हणजेच लो व्हिजन.

अल्पदृष्टी म्हणजे आंधळेपण नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार योग्य चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी, पण ३/६० पर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी. ६/६० नजर म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर वाचायला ६ मीटरपर्यंत जवळ यावे लागते. अशा मुलाला शाळेत एक तर आळशी ठरवतात, नाही तर थेट ब्रेलकडे पाठवतात. उरलेली नजर कोणी मोजतच नाही.

ती मोजणे आणि कामी लावणे हे या ऑप्टोमेट्रिस्टचे काम. तो आधी विचारतो, तुला काय करायचे आहे? फळा वाचायचा, बसचा नंबर बघायचा की सुईत दोरा ओवायचा? त्यावर साधन ठरते. २० डायोप्टरच्या भिंगाच्या चष्म्याने वाचायचे तर पुस्तक डोळ्यापासून ५ सेंटीमीटरवर धरावे लागते. त्याची सवय मुलाला लावायची आणि अशाने डोळे बिघडत नाहीत, हे शिक्षकांनाही पटवायचे.

प्रत्येकाला भिंग चालत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसात नजरेचा घेर आकसतो. अक्षर मोठे केले की ते घेरात मावतच नाही. तिथे चांगला उजेड, ठळक रंगभेद आणि पांढरी काठी जास्त उपयोगी. (रक्ताच्या नात्यातल्या लग्नांनी या आजाराचा धोका वाढतो. मामाची मुलगी करण्याच्या हौसेवर आपण एकदा बोललेच पाहिजे.) मधुमेहाने नजर गेलेल्या विडी कामगार बाईला कधी कधी हाताजवळचा दिवा आणि पानांखाली पांढरे फडके एवढ्यानेही फरक पडतो.

पैशाचेही स्पष्ट सांगतो. पदवी इंटर्नशिपसह चार वर्षांची. एका रुग्णाला तासभर लागतो आणि भिंगांत नफा नाही, म्हणून दुकाने यात पडत नाहीत. संधी मुख्यतः ट्रस्टच्या नेत्ररुग्णालयांत. सोलापूरहून रेल्वेने गाठता येणाऱ्या हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. २०२१ च्या कायद्याने हा व्यवसाय राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आला आहे. प्रवेशाआधी महाविद्यालयाची मान्यता आणि तिथे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू आहे का, हे तपासा.

आणि विहारातल्या अभ्यासिकेत वही नाकाला लावून लिहिणारे कोणी दिसले, तर त्याला शासकीय रुग्णालयाच्या नेत्रविभागात न्या. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक निघाले तर यूडीआयडी कार्ड काढा. परीक्षेत तासाला २० मिनिटांचा जादा वेळ आणि सरकारी नोकरीत अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठीचे १ टक्का आरक्षण त्यावरच मागता येते.