चौदाशे किलोमीटर जास्त, तरीही लवकर

पृथ्वीगोलावर दिल्लीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो युरोपच्या दिशेला फिरकतसुद्धा नाही. सायबेरियावरून थेट आर्क्टिक महासागरावर निघतो. लांबी भरते साधारण १२,४०० किलोमीटर. पण विमानं या दोऱ्याबरहुकूम उडत नाहीत. वाटेत हिमालय आणि तिबेटचं पठार आहे. तिथे विमानातला हवेचा दाब अचानक गेला, तर धड श्वास घेता येईल इतकं खाली उतरायला जागाच नसते.

म्हणून एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेकडे निघून युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने सरळ पाठ फिरवली आणि विमान पूर्वेला, प्रशांत महासागरावरून पाठवलं. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची. वळसा चौदाशे किलोमीटरने वाढला, आणि विमान पोचलं साडेचौदा तासांत, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा बरंच आधी!

भागाकार करून पाहा. सरासरी वेग येतो ताशी १,०५५ किलोमीटर. हे बोइंग ७७७ विमान स्वतःच्या बळावर हवा कापतं ती ताशी नऊशेच्या आसपास. वरचे दीडशे आले कुठून? वाऱ्याकडून, तेही फुकटात. प्रवाहातल्या होडीचं काठावरून मोजलेलं अंतर आणि तिने खरोखर वल्हवलेलं पाणी यांत जो फरक, तोच इथे. जमिनीवरचे किलोमीटर आपल्यासाठी. इंजिनाला फक्त हवा मोजता येते.

आणि ही हवा कसली! उष्ण विषुववृत्त आणि गोठलेले ध्रुव यांच्या तापमानातला फरक, त्याला पृथ्वीच्या फिरण्याची जोड, यांतून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद पट्टे धावतात. हिवाळ्यात ते फारच जोरात असतात. नेमक्या याच उंचीवर प्रवासी विमानं उडतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते; पण निष्कर्ष छापले एस्पेरांतो भाषेत. सगळ्या जगाला कळावं म्हणून निवडलेली भाषा, आणि जगातल्या फारच थोड्यांनी ते वाचलं! पुढे १९४४ मध्ये जपानवर चालून आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना तेच वारे आडवे आले.

फेब्रुवारी २०२० मध्ये, वादळाच्या दिवसांत, अटलांटिकवरचा हा प्रवाह इतका चेकाळला, की ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत उतरलं. एरवी सहा-साडेसहा तास लागतात. उलट दिशेला त्याहून जास्त.

तिकिटावरच्या वेळा तर आणखी गोंधळात पाडतात. दिल्लीहून पहाटे निघालेलं ते विमान कॅलिफोर्नियात उतरलं त्याच तारखेच्या पहाटे. मधल्या वेळात प्रवाशांनी एक आखूड दिवस पाहिला: सूर्य समोरून आला आणि झपाट्याने मागे जाऊन मावळला. परतीची वाट पुन्हा पूर्वेकडेच, अटलांटिकवरून, म्हणजे वारा पाठीशी आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण. अशा फेरीहून आलेल्या माणसाने त्या काळात घरच्यांपेक्षा एक सूर्योदय जास्त पाहिलेला असतो.