वेल्सच्या मुलाचा किडा

एच. जी. वेल्स मराठी वाचकाला नव्याने सांगायला नकोत. माझं कुतूहल मात्र बरीच वर्षं त्यांच्या मुलापाशी अडकून आहे. जॉर्ज फिलिप वेल्स, घरातलं नाव जिप. 1903 च्या ‘द मॅजिक शॉप’ कथेत जादूच्या दुकानात शिरणारा पोरगा तोच, निदान नावापुरता. पुढे तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागला, वडील आणि ज्युलियन हक्स्ली यांच्या जोडीने ‘द सायन्स ऑफ लाइफ’ लिहिलं आणि मग उमेदीची वर्षं चिखलातल्या एका किड्यापायी घातली. वडिलांवर लिहिणारे इथे पान उलटतात. तिथेच तर खरी गंमत आहे.

किड्याचं नाव ॲरेनिकोला मरीना. गळाला लावणारे त्याला लगवर्म म्हणतात. ओहोटीला इंग्लंडच्या खाडीमुखांशी उघड्या पडणाऱ्या गाळवाळूवर सोऱ्यातून पाडलेल्या शेवेसारखी वेटोळी दिसतात, ती याची विष्ठा. असल्या गाळाचा वरचा पातळ थर तपकिरी, खालचा काळा, सडक्या अंड्यांच्या वासाचा. कण बारीक, त्यामुळे पाणी आत खेळत नाही. असलेला ऑक्सिजन जिवाणू फस्त करतात आणि हायड्रोजन सल्फाइड साचतो. लगवर्म या काळ्या थरात राहतो तो स्वतः पाणी ओढून. अंगावरून लाटा सोडत शेपटीकडून डोक्याकडे पाणी ढकलतो, त्यामुळे बिळाच्या भिंती तपकिरी होतात. रक्तात हिमोग्लोबिन आहेच.

वेल्सनी काचेच्या दोन तावदानांमध्ये चिमूटभर जाडीची वाळू भरून किडा आत सोडला आणि बघत बसले. साधारण दर सात मिनिटांनी खाण्याचा जोर, मग उसंत. साधारण दर चाळीस मिनिटांनी किडा उलटा सरकत वर येई, विष्ठा टाकी आणि परत खाली जाई. हाच त्याचा धोक्याचा क्षण. पक्षी आणि चपटे मासे शेपटी तोडायला टपलेले असतात. शेपटीचा तुकडा जातो, किडा जगतो.

आता मुख्य गोष्ट. वेल्सनी किड्याची अन्ननलिका कापून काढली, समुद्राच्या पाण्यात टांगली आणि हलक्या तरफेने तिची हालचाल काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर उतरवून घेतली. वाळू नाही, भूक नाही, मेंदू नाही. तरी नलिका आपली काही मिनिटांच्या ठेक्यात आकुंचन पावतेच आहे! घड्याळ घशात होतं. 1937 साली त्यांनी हे छापलं. बाहेरून चिथावणी मिळाली की प्राणी हलतो, या प्रतिक्षिप्त क्रियेच्या हिशेबाचा तेव्हा फार बोलबाला होता. एका चिखलखाऊ किड्याने त्याला दिलेलं हे उत्तर मला वडिलांच्या निम्म्या कादंबऱ्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

लोकांना ठाऊक आहे ते वेगळंच. वडिलांनी मागे ठेवलेला प्रेमप्रकरणांचा वृत्तांत जिपने संपादित केला, तो 1984 मध्ये ‘एच. जी. वेल्स इन लव्ह’ म्हणून निघाला आणि त्याची चर्चा झाली. पुढच्याच वर्षी जिप वारले. एच. जी. वेल्सनी कल्पनेतून हवे तितके प्राणी घडवले; प्राणिशास्त्राच्या यादीत मात्र ॲबॅरेनिकोला या खऱ्या प्रजातीपुढे ‘वेल्स, 1959’ असं लिहिलेलं असतं, आणि ते वेल्स म्हणजे जिप.