हवेचं वजन न कळणारं इंजिन

लेह सोडून खारदुंगला खिंडीची चढण लागली की जुना पेट्रोल ट्रक थोड्याच वेळात कुरकुरायला लागतो. सायलेन्सरमधून काळा धूर येतो, इंजिन मिसिंग करतं, आणि ड्रायव्हरने रेस दाबली तर ओढ वाढायच्या ऐवजी घटते. बघणारा म्हणतो, वर हवा विरळ आहे, गाडी गुदमरते आहे. हे निदान खोटं नाही, पण अर्धं आहे. हवा कमी मिळाल्यामुळे ताकद कमी होणार हे ठरलेलंच. उंचीवर तेवढी किंमत प्रत्येक इंजिन मोजतं. कार्ब्युरेटरच्या ट्रकला त्याशिवाय दुसरा आजार होतो, आणि तो उपासमारीच्या नेमका उलटा आहे. त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त पेट्रोल पाजलं जात असतं. डोंगरात ही गाडी चालवण्याची सगळी कला या एका गोष्टीतून निघते: तिला काय द्यायचं यापेक्षा काय द्यायचं नाही, हे ड्रायव्हरला कळलं पाहिजे.

ज्या गाड्यांबद्दल हे बोलायचं त्या आपल्या ओळखीच्या आहेत. जबलपूरची व्हेइकल फॅक्टरी 1969 साली उभी राहिली आणि निसानच्या परवान्यावर तिथे दोन पेट्रोल गाड्या बनू लागल्या: एक टन माल वाहणारा निसान कॅरिअर आणि त्याची धाकटी बहीण जोंगा. जोंगा हे नावही जबलपूरच्याच शस्त्रसामग्री कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून आलेलं. जोंगाच्या बॉनेटखाली 3,956 सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि त्याच्या माथ्यावर कार्ब्युरेटर. जोंगाचं उत्पादन 1999 पर्यंत चाललं, म्हणजे लडाखमध्ये रस्ते वाढत गेले त्यातल्या बऱ्याच काळात ही इंजिनं फौजेच्या सेवेत होती. अधिकृत इतिहास एवढा पुरे. खरी गोष्ट आहे ती कार्ब्युरेटरच्या पोटातल्या एका पितळी छिद्राची. त्याला मेन जेट म्हणतात.

कार्ब्युरेटर मूळचा फार साधा. हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जाते, वेगामुळे तिथला दाब कमी होतो, आणि शेजारच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल जेटमधून त्या गळ्यात ओढलं जातं. हवा जास्त वेगाने गेली की ओढ जास्त, पेट्रोल जास्त. समुद्रसपाटीला हा हिशेब इतका चोख बसतो की त्यात काही उणीव आहे हे लक्षातच येत नाही. उणीव ही की कार्ब्युरेटर हवेचा वेग ओळखतो, हवेचं वजन ओळखत नाही. खारदुंगलाचा माथा 5,359 मीटरवर आहे (तिथल्या पाटीवर बरीच वर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं, प्रत्यक्ष मोजणी त्यापेक्षा सुमारे 800 फुटांनी कमी भरते). प्रमाणित वातावरणाच्या हिशेबाने तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे 58 टक्के असते. तेव्हा पेट्रोलही 58 टक्क्यांवर यायला हवं. पण जेटमधून वाहणारं पेट्रोल घनतेच्या प्रमाणात घटत नाही, घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतं. 58 टक्क्यांचं वर्गमूळ 76 टक्के. म्हणजे हवा उरली 58 आणि पेट्रोल येतं आहे 76. इंजिनाला लागेल त्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश जास्त.

आता हेच ड्रायव्हरच्या पायाखाली काय करतं ते पाहू. सपाटीवर संथ चालीत, अर्ध्या रेसवर, इंजिनाला साधारण 15 भाग हवेला 1 भाग पेट्रोल असं मिश्रण मिळतं. पूर्ण रेस दिली की कार्ब्युरेटर मुद्दाम जास्तीचा मार्ग उघडतो आणि मिश्रण 12 ते 13 ला 1 इतकं दाट होतं, कारण जास्तीत जास्त ताकद तिथे मिळते. खारदुंगलावर हे दोन्ही आकडे घसरतात. अर्ध्या रेसचं 15 येतं साडेअकरावर. दाट, पण चांगलं जळणारं मिश्रण. पूर्ण रेसचं साडेबारा-पावणेतेरा मात्र साडेनऊ-पावणेदहावर जातं, आणि आठ-नऊच्या आसपास तर पेट्रोल पेटच घेत नाही. शिवाय पॅडल जोरात दाबलं की अॅक्सिलरेटर पंपाची पिचकारी वेगळी. म्हणून माथ्याजवळ पाय दाबणारा माणूस स्वतःच्या हाताने इंजिन बुडवत असतो. जाणता ड्रायव्हर गिअर लवकर खाली घेतो, इंजिनाचे फेरे मध्यावर ठेवतो म्हणजे गळ्यातून हवा वेगाने जाऊन पेट्रोलचे थेंब बारीक फुटतात, आणि पाय अर्ध्यावर रोखून धरतो. मीटर ज्या ठिकाणी नाही तिथे त्याचा पाय मीटर होतो. विमानांच्या जुन्या पिस्टन इंजिनांना मिश्रण पातळ करण्यासाठी वैमानिकाच्या हाताशी स्वतंत्र दांडा असे. ट्रकवाल्याला तो दांडा कुणी दिला नाही. त्याने तो कानाने आणि धुराच्या रंगावरून तयार केला. या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण ते कुठल्याही घाटात आपोआप शिकता येत नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. महाबळेश्वर त्याहून खाली. तिथे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी दाट होतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. सह्याद्रीच्या घाटांत रेस द्या आणि चढा हा धडा बरोबर ठरतो. लडाखमध्ये तोच धडा दगा देतो.

यावर पहिला आक्षेप गॅरेजमधूनच येईल: एवढा खटाटोप कशाला, जेट लहान घाला. बरोबर आहे, आणि एकाच उंचीवर राहणाऱ्या गाडीला उपाय तोच. पण श्रीनगर ते लेह हा रस्ता एका उंचीवर राहतच नाही. 1,585 मीटरवरून निघून तो 3,528 मीटरच्या झोजीलावर चढतो, कारगिलला पुन्हा 2,700च्या खाली उतरतो, 4,108 मीटरच्या फोटूलावर जातो आणि मग लेहच्या 3,500वर येतो. फोटूलासाठी बसवलेलं जेट श्रीनगरला मिश्रण पातळ करेल, आणि पातळ मिश्रण दाट मिश्रणापेक्षा घातक. दाट मिश्रणाने प्लग काळे पडतात. पातळ मिश्रणाने व्हॉल्व्ह जळतात. म्हणून शहाणा मिस्त्री मधला आकडा निवडतो, इग्निशनचं टायमिंग थोडं पुढे घेतो (विरळ मिश्रण सावकाश जळतं आणि दाब कमी असल्याने नॉकिंगची भीतीही कमी), आणि उरलेलं ड्रायव्हरच्या पायावर सोपवतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. डिझेल आणि इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आल्यावर या यंत्राचं कौतुक म्हणजे निव्वळ स्मरणरंजन नाही का? टर्बोचार्जरचं डिझेल किंवा हवा मोजून पेट्रोल सोडणारं इंजेक्शन डोंगरात सरस आहे, हे वादातीत. जवानांचं रेशन न्यायचं असेल तर मीही तेच निवडेन. मात्र साधं, टर्बो नसलेलं डिझेल याच चुकीतून सुटलेलं नाही. त्याचा पंपही हवा न बघता डिझेल मोजतो, म्हणून जुनी डिझेलं चढावर तसाच काळा धूर ओकतात. आणि कार्ब्युरेटरची चूक एका बाबतीत प्रामाणिक आहे. ती दिसते, ऐकू येते, आणि स्क्रू-ड्रायव्हर, तार नि फुंकर यांनी रस्त्याच्या कडेला दुरुस्त होते. वस्तीपासून चाळीस किलोमीटरवर अडकलेल्या माणसाला ही गोष्ट लहान नाही.

तरीही अडचणी मिश्रणापाशी थांबत नाहीत, आणि त्या एकमेकींच्या हातात हात घालून येतात. माथ्यावर पाणी 82-83 अंशांवर उकळतं. अनेक जुन्या इंजिनांचा थर्मोस्टॅट उघडतो तोही याच तापमानाच्या आसपास. मधला आधार फक्त रेडिएटरच्या झाकणाचा: सात पौंड दाब धरणारं झाकण आतल्या पाण्याला जवळजवळ समुद्रसपाटीवर आणून ठेवतं. त्याचं रबर कडक झालेलं असेल तर थर्मोस्टॅट पुरता उघडायच्या आधीच पाणी उसळून बाहेर येतं. पेट्रोलचंही तेच. पंप टाकीतून पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब आणखी घटतो, तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलत बसतो. ओलं फडकं पंपावर टाकायची जुनी युक्ती इथेही चालते, फक्त पाणी जवळ हवं. झोजीलाच्या ओल्या ढगात उलटा प्रकार: बाष्पीभवनाने गळा इतका थंड होतो की बाहेर गोठण नसतानाही आत बर्फ धरतो. आणि दाट मिश्रणातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये, ऑइल बदलावं.

उतार तर चढणीपेक्षा वाईट. पेट्रोल इंजिन ब्रेकसारखं धरतं ते मॅनिफोल्डमधल्या पोकळीमुळे, आणि ही पोकळी बाहेरच्या दाबापेक्षा मोठी असू शकत नाही. माथ्यावर बाहेरचा दाबच निम्मा, म्हणून इंजिनाची पकडही ढिली. ज्या गाड्यांना व्हॅक्यूम सर्व्होचे ब्रेक आहेत त्यांची मदतही त्याच प्रमाणात घटते. सवयीच्या जोराने पॅडल दाबणाऱ्याला गाडी त्या जोराला थांबत नाही, हे कळतं ते वळणावर. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच्याही एक खाली उतरायचं, ही सक्ती तिथे मानावीच लागते.

सर्वांत नवी अडचण आपल्याच शेतातून गेलेली आहे. 2025 पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं. त्यातला एक वाटा उसाचा, आणि महाराष्ट्राचा. शेतकऱ्यासाठी तो चांगला बाजार आहे. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची रबरं या मिश्रणासाठी घडवलेली नव्हती. ती फुगतात, चिरतात. इथेनॉलमधल्या ऑक्सिजनमुळे मिश्रण पातळही होतं: डोंगरात थोडी मदत, सपाटीवर नुकसान. म्हणजे जेटचे जुने आकडेही आता जसेच्या तसे चालणार नाहीत. नव्याने हिशेब करणारा माणूस लागेल. आणि माणसं तर कमी होत चालली आहेत. मारुती 800 ने 2000च्या सुमारास कार्ब्युरेटर सोडला, एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आल्यावर बहुतेक नव्या दुचाक्यांतूनही तो गेला. आज गॅरेजात शिकायला येणारा मुलगा स्कॅनर लावायला शिकतो. त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

लिलावात घेतलेल्या जोंगा आणि निसान आजही हौशी लोक जिवापाड जपतात, काही जण त्या लडाखला नेतात. त्यांनी नवं रेडिएटर झाकण, इथेनॉल सोसणारे पडदे आणि दोन-तीन मापांची जेटं बरोबर घ्यावीतच. पण त्याआधी एक काम करावं. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांत लडाखमध्ये गाड्या चालवून आलेले निवृत्त फौजी ड्रायव्हर आणि मिस्त्री आहेत. द्रासला कुठलं जेट चालायचं, लेहला टायमिंग किती पुढे घ्यायचं, कुठल्या वळणावर पाय उचलायचा, हे त्यांच्या डोक्यात आहे. वही घेऊन त्यांच्याकडे जा आणि ते आकडे लिहून घ्या.