चमचाभर साखरेचा हिशेब

निरोगी माणसाच्या दर डेसिलिटर रक्तात उपाशीपोटी 70 ते 100 मिलिग्रॅम ग्लुकोज असते. रक्ततपासणीच्या कागदावरचा हा आकडा घरोघरी ठाऊक आहे. त्यामागचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त सुमारे 5 लिटर. म्हणजे साऱ्या रक्तातले ग्लुकोज मिळून 4-5 ग्रॅम, चहाच्या एका चमच्यात मावेल एवढे. एकटा मेंदूच दिवसाला साधारण 120 ग्रॅम ग्लुकोज जाळतो आणि त्याचा म्हणावा असा साठा त्याच्याकडे नसतो. उलट दोन पोळ्या, वाटीभर भात आणि आमटी एवढे जेवण झाले की त्यातल्या पिष्टाचे 70-80 ग्रॅम ग्लुकोज होऊन काही तासांत आतड्यातून रक्तात उतरते. त्या चमच्याच्या जवळपास पंधरा पट! तरीही निरोगी माणसाची साखर जेवणानंतर सहसा 140च्या पुढे जात नाही आणि दोन-तीन तासांत मूळ जागी येते.

ही राखण मुख्यतः स्वादुपिंड करते. जठरामागे आडव्या पसरलेल्या या ग्रंथीचा बहुतेक भाग पाचकरस बनवतो. त्यात सुमारे दहा लाख सूक्ष्म पेशीपुंज बेटांसारखे विखुरलेले असतात. बर्लिनमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या पॉल लँगरहान्सने 1869 मध्ये त्यांचे वर्णन केले, पण त्यांचे काम त्याला उमगले नव्हते. 1889 मध्ये स्ट्रासबर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याच्या लघवीतून साखर जाऊ लागली आणि मधुमेहाचा माग या ग्रंथीपर्यंत पोहोचला.

या बेटांमधली बीटा पेशी साखर मोजते ती स्वतः जाळून. रक्तात ग्लुकोज जितके अधिक, तितके ते पेशीत अधिक शिरते आणि तितकी ऊर्जा तयार होते. ऊर्जा वाढली की पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारे मिटतात, विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत घुसते आणि तयार ठेवलेल्या इन्शुलिनच्या पुड्या रक्तात रिकाम्या होतात. तेवढेच ग्लुकोज शिरेतून दिले तर इन्शुलिन कमी स्रवते, तोंडावाटे दिले तर जास्त. कारण अन्न आल्याची वर्दी आतड्यातली संप्रेरके स्वादुपिंडाला आधीच देतात. अलीकडे गाजत असलेले सेमाग्लुटाइड हे औषध त्यांतल्याच एकाची नक्कल आहे.

इन्शुलिनचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. ग्लुकोज आत घेणारी वाहक प्रथिने एरवी स्नायूपेशीच्या पोटात दडलेली असतात; इन्शुलिनचा सांगावा आला की ती पृष्ठभागावर येतात. विशेष म्हणजे स्नायू आकुंचन पावू लागला की इन्शुलिनशिवायही ती वर येतात. जेवणानंतरची शतपावली साखरेवर परिणाम करते ती याच वाटेने.

उरलेल्या साखरेचा एक मोठा वाटा यकृत घेते आणि ग्लायकोजेनच्या रूपात सुमारे 100 ग्रॅमपर्यंत साठवते. स्नायूंचा साठा याच्या कितीतरी पट मोठा. पण तो ते स्वतःच वापरतात, रक्तात परत सोडू शकत नाहीत. रात्रभरच्या उपासात मेंदूला पुरवठा होतो तो मुख्यतः यकृताकडून. बेटांमधल्याच अल्फा पेशींचे ग्लुकॅगॉन यकृताला साठा सोडायला लावते. साठा आटू लागला की यकृत प्रथिनांच्या घटकांपासून नवे ग्लुकोज घडवते. ‘रात्री काहीच खाल्ले नाही, मग सकाळी साखर एवढी कशी?’ या रुग्णांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ‘आता पुरे’ हा इन्शुलिनचा निरोप यकृत ऐकेनासे झाले, की ते रात्रभर साखर ओतत राहते.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच बीटा पेशी नष्ट करते. मूल सारखे पाणी मागते, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, खाऊनही वजन झपाट्याने उतरते. ही लक्षणे दिसली की त्याच दिवशी साखर तपासायला हवी. 1922च्या आधी या मुलांना फारतर अर्धपोटी ठेवून थोडे दिवस जगवता येई. त्या वर्षीच्या जानेवारीत टोरंटोमध्ये 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्शुलिन टोचले. 11 तारखेचा अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. तिथलेच जीवरसायनतज्ज्ञ कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क 23 तारखेला दिल्यावर 520वर असलेली साखर 120पर्यंत उतरली.

दुसऱ्या प्रकारात सुरुवातीला इन्शुलिन असते, पण स्नायू आणि यकृत त्याला दाद देत नाहीत. बीटा पेशी कित्येक वर्षे जादा स्राव करून वेळ निभावतात, मग थकतात. हा आजार फक्त लठ्ठ माणसांचा, ही समजूत भारतात तरी खोटी ठरली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक 22.3, पण चरबी युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. याची मुळे जन्माआधीची आहेत. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोची, तरी आपल्या बाळांत कमतरता मुख्यतः स्नायूंची आणि अवयवांची, त्वचेखालची चरबी बरीचशी शाबूत. साखर रिचवणारे स्नायूच कमी असतील तर सडपातळ दिसण्याने संरक्षण मिळत नाही. वजनकाट्यावर विसंबून तपासणी टाळणे म्हणूनच धोक्याचे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत.

साखर 180च्या आसपास गेली की मूत्रपिंडाला ती अडवून धरता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. त्याहून कमी पातळीवर मात्र काहीच जाणवत नाही, आणि डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, पायांच्या नसा यांचे नुकसान गुपचूप चालू राहते. उपाशीपोटी 126 किंवा अधिक साखर हे निदान मानले जाते. लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. एचबीएवनसी ही तपासणी हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगत असल्याने गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी तिच्यातून कळते; आदल्या दिवशीच्या पथ्याने ती बदलत नाही.

साखर खाली घसरणे हे त्याहून तातडीचे. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेऊन जेवण चुकले की ती 70च्या खाली येते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, बोलणे असंबद्ध होते. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते; त्याला कुशीवर वळवून तडक रुग्णालयात न्यावे.